वापसीच्या डब्यातल्या गोळ्या

माय, तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता वीस-बावीस वर्षांनी मोठा आहे, आणि तुला जो आजार होता तोच मलाही आहे. सकाळी चहाच्या आधी एक गोळी, रात्री जेवणानंतर अर्धी. लेक पुण्यात बसून त्या मोबाईलवरून मागवते. कुठल्या दुकानात किती सूट मिळते ते आधी पाहते. मागच्या आठवड्यात तिनं मोठ्या उत्साहानं सांगितलं की याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी निम्म्या पैशांत मिळते, बाबा, आपण उगाच इतकी वर्षं जास्त देत होतो. मी हो म्हटलं. औषधावर पैसे वाचवायचा विषय निघाला की मी फार बोलत नाही, हे तिच्या लक्षात आलेलं नाही. सगळी नोकरी औषधाच्या दुकानात काढलेला माणूस नेमका याच विषयावर गप्प का बसतो, असा प्रश्न खरं तर कुणालाही पडायला हवा. पण माझ्या घरात मला प्रश्न विचारायची पद्धत नाही, आणि ती पद्धत मीच पाडलेली आहे.

आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं आठवतात. मी मॅट्रिक होऊन मंगरूळला शेठजींच्या मेडिकलमध्ये लागलो होतो. गावाहून तीन मैल सायकल. आपल्या वस्तीतला औषधाच्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहणारा मी पहिलाच, आणि तुला त्याचा इतका अभिमान की बाजाराच्या दिवशी काही काम नसताना तू दुकानासमोरून दोनदा जायचीस. आत मात्र कधी आली नाहीस. शेठजी वाईट माणूस नव्हते. पगार वेळेवर देत, आवाज चढवत नसत. माझा पाणी प्यायचा पेला तेवढा वेगळा, मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असे. ते मी तुला कधी सांगितलं नाही आणि तू कधी विचारलं नाहीस, म्हणजे तुला माहीत असणार.

त्या वर्षी तुरीच्या वावरात तुझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तू बांधावर बसून राहिलीस. दुसऱ्या दिवशी मी तुला सायकलच्या कॅरिअरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, नव्यानंच आलेले. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा पाहिला, आणि पुन्हा एकदा पाहिला. मग मला म्हणाले की हे फार जास्त आहे, रोज एक गोळी, आणि ती जन्मभर. दवाखान्यात ती गोळी नव्हती, बाहेरून घ्यावी लागणार होती. परत येताना दर्ग्यापाशी चढ लागतो तिथे आपण दोघं उतरलो, मी सायकल ढकलतोय, तू शेजारून चालतेयस. मग म्हणालीस, "रोज तं आपण भाजीबी नाई खात."

पहिल्या महिन्याच्या गोळ्या मी संध्याकाळी घेऊन आलो तेव्हा तू भाकरी थापत होतीस. किती पडले, असं तू तव्याकडे बघतच विचारलंस. मी म्हटलं, पगारातून कापतील, तू कशाला बघतेस. तू भाकर उलटलीस, हात झटकलेस, उठलीस आणि आतून पैसे आणून माझ्यासमोर ठेवलेस. मी घेईना. आईला औषध देऊन पोरगा पैसे घेतो का, असं काहीतरी मी बोललो. त्यावर तू जे बोललीस ते मला अजून तुझ्या आवाजात ऐकू येतं. "तिथं उभा राह्यणारा आपल्यातला तू एकटाच हायेस. उद्या काही कमी भरलं तं पहिलं बोट तुह्याकडं जाईन. माह्या घरात फुकटची गोळी नाई आली पाह्यजे. पैसे घे, नाई तं गोळ्या उचल." मी पैसे घेतले. त्यानंतर दर महिन्याला तू मोजून पैसे दिलेस आणि मी दर महिन्याला घेतले. याचा मला रागही यायचा आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं. आपली आई कुणाचं फुकट खात नाही, हे मी दुकानात येताजाता ऐकवायचो.

वापसीचा डबा ही माझी कल्पना. गिऱ्हाईक बरं झालं की उरलेल्या गोळ्या घरात पडून राहतात, आणि मेलं तर जास्तच राहतात. लोक त्या उकिरड्यावर फेकत, नाहीतर ताप आलेल्या कुठल्याही पोराला चारत. मी शेठजींना म्हटलं, न फोडलेलं पाकीट असेल, मुदत शिल्लक असेल, तर आपण ते अर्ध्या किमतीत परत घेऊ आणि वर दहा पैसे लावून गरिबाला देऊ. शेठजींनी आधी नाही म्हटलं, मग हिशेब केला, मग माणसं दुकानात येतील एवढ्यावर हो म्हटलं. आज असं कुणी केलं तर लायसन जाईल. तेव्हा कुणी विचारत नव्हतं. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा मी धुऊन वाळवला आणि काउंटरखाली ठेवला. सहा महिन्यांत आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं विचारत यायला लागली, वापसीत काही आहे काय भाऊ. मानोऱ्याच्या बाजूच्या तांड्यांवरून यायची, पोहरादेवीच्या यात्रेला आलेली माणसं परतताना यायची. सरकारी डॉक्टरांनी एकदा चार लोकांत माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की या पोरानं गरिबांचं मोठं काम केलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या आयुष्यात तोपर्यंत कुणी चार लोकांत पाठीवर हात ठेवला नव्हता.

तुझी गोळी डब्यात आली ती एका म्हाताऱ्या कारकुनाच्या घरातून. तो वारला आणि त्याच्या बायकोनं पिशवी भरून पाकिटं आणून दिली. मी खूश झालो. अर्ध्या पैशांत तुझे पुष्कळ महिने निघणार होते. तुला सांगितलं तेव्हा तू ज्वारी पाखडत होतीस. सूप थांबवून म्हणालीस, "तो तं मेलाच ना थ्या गोळ्या खाऊन?" मी म्हटलं, खाऊन नाही मेला माय, शिल्लक ठेवून मेला. मला माझं उत्तर फार हुशारीचं वाटलं. तूही हसलीस. दुसऱ्या दिवशी मी दुकानात तो किस्सा सांगितला तेव्हा शेठजीही हसले.

त्यानंतरच्या वर्षाचं सांगतो. तुझ्या कोनाड्यात आरशाच्या मागे एक फोडलेलं पाकीट कायम दिसायचं. मी येताजाता ते पाहायचो आणि समाधानानं जेवायला बसायचो. त्यात किती गोळ्या आहेत हे मी कधी मोजलं नाही. दर दोन महिन्यांनी तुला डॉक्टरांकडे न्यायचो. पारा खाली येत नव्हता. डॉक्टर मला विचारत, रोज घेते का? मी सांगायचो, मी स्वतः आणून देतो साहेब. ते एकदा तुझ्याकडे वळून म्हणाले, बाई, गोळी चुकवता का? तू डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणालीस, पोरगा मेडिकलात हाय, गोळी कशी चुकन. त्यांनी गोळी दोन वेळा करून दिली.

याच दिवसांत दुकानात एक म्हातारी यायला लागली होती. तांड्यावरची, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन बाजारात यायची, सगळे तिला याडी म्हणायचे. त्यांच्यात आईला याडी म्हणतात. मोळी विकली गेली की ती दुकानाच्या पायरीवर बसायची, ओढणीच्या टोकाची गाठ सोडायची आणि त्यातून गोळ्यांची दोन-तीन पाकिटं काढून माझ्यासमोर ठेवायची. कुणाची आहेत, असं मी पहिल्यांदा विचारलं. तिनं सांगितलं, आमच्या तांड्यावरच्या एकीची उरली. ती तुझ्याच गोळीची पाकिटं होती. मी मुदत पाहिली, पैसे दिले आणि पाकिटं डब्यात टाकली. पुढच्या आठवड्यात तू पैसे दिलेस, तेव्हा तीच पाकिटं मी तुझ्यासाठी घरी आणली, कारण त्या आजाराचे बाकीचे लोक पैसेवाले होते आणि डब्यातून ती गोळी घेणारी तू एकटीच होतीस. महिन्यानं याडी पुन्हा आली. डॉक्टरांनी गोळी दोन वेळा केल्यावर तिच्या गाठीतून पाच-सहा पाकिटं निघायला लागली.

तुला लकवा झाला तो कापूस वेचणीच्या दिवसांत, सकाळी, वावरात पोचायच्या आधी वाटेवरच. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. बैलगाडीतून तुला मंगरूळला आणलं, तिथून एस.टी.नं अकोल्याला. अकोल्याच्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या का? मी हो म्हटलं. तू माझ्याकडे बघत होतीस आणि तुला बोलता येत नव्हतं. तीन आठवड्यांनी घरी आलो तेव्हा याडी भेटायला आली. तुझ्या उशाशी बसली, तुझा निकामी हात मांडीवर घेतला आणि रडली. मग मला अंगणात बोलावून सगळं सांगितलं. पाकिटं तुझीच होती, आणि त्यांचे पैसेही ती तुलाच आणून देत होती. तुम्ही दोघी एकाच वावरात वेचायला जायच्या, तिथली ओळख. तू तिला शपथ घातली होतीस.

मी तिला विचारलं, पैशासाठी? ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी भाषाच विसरलो होतो. "पैशासाठी कायले? थ्या गोळीनं तिले घडीघडी लघवीले लागे. वावरात कुठं जाईन बाई? कापसाची पऱ्हाटी कंबरेएवढी, मागं मुकादम उभा. दोनदा गेली का तो अर्धा रोज कापे. मंग तिनं सोडली. मनली, पोराले नको सांगू, त्याच्या दुकानाचं नाव खराब होईन." एवढ्या साध्या गोष्टीला उपाय होता, माय. गोळी संध्याकाळी घ्यायची, नाहीतर डॉक्टरांना सांगून दुसरी गोळी लिहून घ्यायची, तीही जवळजवळ तेवढ्याच पैशांत मिळत होती. हे मला काउंटरच्या पहिल्या सहा महिन्यांतच कळलं होतं. अनोळखी म्हाताऱ्यांना मी हे रोज सांगायचो. पण माझ्या आईला लघवीबद्दल मी कसं विचारणार होतो, आणि तू मला कशी सांगणार होतीस? छप्पन्न सालात आपल्या घरातले देव गेले, उपासतापास गेले, बा नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि त्यानं सगळं एका दिवसात उचलून नेलं. ही लाज मात्र जिथल्या तिथं राहिली.

त्यानंतर तू दोन वर्षं होतीस. बाजेवर, दाराकडे तोंड करून. मी तुला जेवण भरवायचो आणि गोळी माझ्या हातानं जिभेवर ठेवायचो, ती गिळेपर्यंत उभा राहायचो. तू निमूटपणे गिळायचीस. पैसे द्यायला तुला उठता येत नव्हतं, याचं तुला वाईट वाटत असणार; महिनाअखेर आली की तू डाव्या हातानं उशीखाली काहीतरी चाचपायचीस. मला तेव्हा फार रडू आलं असं सांगता आलं असतं, पण तसं झालं नाही. मी कामाला जायचो, यायचो, तुझं अंग पुसायचो. डबा चालूच होता. त्यातून पुष्कळांचं भलं झालं हेही खरं आहे, आणि तुझ्यामुळे तो बंद करावा असं मला एकदाही वाटलं नाही.

तू गेल्यानंतर ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली. लग्न झाल्यावर बायकोला, मग लेकीला, सोयऱ्यांना, दुकानात नव्यानं लागणाऱ्या पोरांना. आमच्या मायनं मला कसं फसवलं, अशी ती सुरू होते. तीच पाकिटं मी विकतोय, तीच परत घेतोय, वर्षभर गोळ्या मंगरूळहून घरी आणि घरून तांड्यावर फिरताहेत, दर पाकिटाला दहा पैसे देऊन तू न खाल्लेलं औषध विकत घेतेयस, आणि मेडिकलवाल्याला पत्ता नाही. लोक हसतात. सांगताना मीही हसतो. शेवटी लघवीचं आलं की बायका गप्प होतात. मग कुणीतरी म्हणतं, तुम्हाला तरी काय माहीत असणार. मी मान हलवतो.

त्या सांगण्यात एक गोष्ट मी गाळत आलो आहे. डबा सुरू करताना शेठजींनी एक अट घातली होती. वापसीचा माल नव्या मालात मिसळू नये म्हणून पाकीट परत आलं की त्याच्या मागच्या बाजूला निळ्या शाईनं एक फुली करायची. ती फुली मीच करायचो. कारकुनाच्या घरून आलेल्या तुझ्या पाकिटांवर एक फुली होती. याडीनं आणलेल्या पाकिटांवर मी फुली करायला गेलो तेव्हा तिथे आधीच एक होती. मला वाटलं, फिरून आलं असेल, असतं एखादं. पुढच्या खेपेला दोन होत्या. मी लेखणी हातात घेऊन बसलो. याडी पायरीवर पैशांची वाट बघत होती. ती गोळी डब्यातून घेणारी एकच बाई होती आणि ती माझी आई होती, हे कळायला मॅट्रिक व्हावं लागत नाही. मी तिसरी फुली केली. याडीला पैसे दिले. आठवड्यानं तीच पाकिटं घरी आणली, तू पैसे मोजलेस, मी घेतले. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तू माझ्या. पुढच्याच महिन्यात डॉक्टरांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा म्हटलं, रोज घेते साहेब.

का, ते मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे. तू चालतीबोलती होतीस, वेचणीला जात होतीस, म्हणजे गोळीशिवायही चालतंय असं मला वाटलं, हे एक. पण तेवढंच नाही. तुला विचारलं असतं तर गोष्ट बाहेर आली असती, डॉक्टरांपर्यंत गेली असती, आणि ज्या डब्यासाठी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता त्या डब्यातून माझ्याच आईचं औषध चुकलं असं ठरलं असतं. मी ते होऊ दिलं नाही. लकवा व्हायला अजून चार महिने होते. एका संध्याकाळी चुलीपाशी बसून, माय, गोळी का सोडलीस, एवढं विचारायला चार महिने पुरेसे असतात.

तुला वाचता येत नव्हतं. नाशिकहून मामाचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायचो, आणि त्यात काही दुखवणारं असलं की मी ते न अडखळता गाळून पुढे वाचायचो. तू डोळे मिटून ऐकायचीस आणि शेवटी म्हणायचीस, बस, एवढंच? मी म्हणायचो, एवढंच. हे पत्रही तुला वाचून दाखवायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही. आत्ता सगळं लिहून झाल्यावर मी ते एकदा मोठ्यानं वाचून पाहिलं. घरात कुणी नव्हतं. तिसऱ्या फुलीपाशी आलो, आणि ते वाक्य वगळून पुढचं वाचायला लागलो.